एकतीस नंबरचा बिल्ला

१

फुलं उमलली की किनुयोचं मनगट दुखायला लागे. सगळं गाव त्या दहा दिवसांची वर्षभर वाट बघायचं, आणि किनुयो ते कधी संपतात याची.

टेकडीवरच्या त्या देवळाला त्र्याण्णव पायऱ्या. एरवी वर चला म्हटलं की निम्म्या गावाचे गुडघे धरतात, पण चेरी फुलली की सगळ्यांचे गुडघे आपोआप बरे होतात. माणसं वर येतात, दोनदा वाकतात, दोन टाळ्या वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात, आणि देवाचं काम आटोपलं की कचेरीच्या खिडकीसमोर रांग लावतात. प्रत्येकाच्या हातात शिक्क्यांची वही. काळ्या शाईत देवळाचं नाव, कडेला भेटीची तारीख, वर तांबडा शिक्का, असं एकेका देवळाचं एकेक पान. आयुष्यभर ती वही भरत जायची, आणि माणूस गेला की पलीकडच्या दारात दाखवायला त्याच्या छातीवर ठेवून शवपेटीत द्यायची, अशी तिथली रीत.

खिडकीशी नागिसा बसायची. चाळिशीची, तोंडाळ आणि कामाला वाघ. वही घ्यायची, भिंतीवरच्या खुंटीचा लाकडी बिल्ला काढून माणसाच्या हातावर ठेवायचा, त्या नंबरची चिठ्ठी वहीत खोचायची. "बिल्ला जपा हं. बिल्ल्याशिवाय वही मिळायची नाही." मग वहीचं पुढचं कोरं पान उघडून ती आत सरकवायची. आत बुटक्या मेजाशी किनुयो. तिनं लिहायचं, टिपकागद ठेवायचा, पुढची वही ओढायची. वही कुणाची, आधीच्या पानांवर काय, हे ती बघत नसे. दुसऱ्याची वही चाळणं म्हणजे दुसऱ्याचं कपाट उघडणं, असं तिथे मानतात. सोळा वर्षं तिनं फक्त कोरी पानं पाहिली होती.

"किनुयोताई, हात चालवा. रांग पायऱ्यांपर्यंत गेलीय."

"हात चालतोय. मनगट चालत नाही."

"मग उद्या मनगट घरी ठेवून या."

फुलांचा चौथा दिवस होता. तीनच्या सुमाराला एक वही मेजावर आली आणि किनुयोनं लिहिण्यासाठी तिच्यावर हात टेकवला. वही गरम होती. कुणीतरी कपड्यांच्या आत, पोटाशी धरून आणली असावी. त्या उबेनं मनगटाचा ठणका एकदम उतरला आणि ते पान तिनं जरा रेंगाळतच लिहिलं. टिपकागद ठेवल्यावरही हात उचलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पाचव्या दिवशी, तीनच्याच सुमाराला, गरम वही पुन्हा आली.

२

सहाव्या दिवशी तर ती वाटच बघत होती. एकसष्ट वर्षांच्या बाईनं कुणाच्या तरी वहीच्या उबेची वाट बघावी, याची तिची तिलाच लाज वाटली. पण दिवसाला दीडशे वह्या लिहिणाऱ्याला कशाचंही सुख चालतं. वही आली, हात शेकला गेला, पान लिहून झालं. मग तिच्या डोक्यात आलं की एका देवळाचं वर्षाला एकच पान घ्यायचं असतं. तीन दिवस रोज येऊन तेच पान कोण घेतंय?

साडेचारला खिडकी बंद झाली. नागिसा चहा ओतत होती. फळीवर एकच वही उरली होती, निळ्या कापडाची, पांढऱ्या लाटांच्या नक्षीची. त्या वह्या याच कचेरीत विकल्या जात, गावात पन्नास तरी असतील. वहीवर बिल्ला ठेवलेला होता.

"अगं, बिल्ला इथे कसा? तो तर माणसाकडे असतो."

"तेच ना," नागिसा म्हणाली. "हे गृहस्थ रोज असंच करतात. वही ठेवतात, वर स्वतःच बिल्ला ठेवतात. मी काही बोलायच्या आत वळून चालायला लागतात. मला वाटलं, आदल्या दिवशी न्यायला विसरले असतील."

किनुयोनं बिल्ला उचलला. एकतीस.

भिंतीवर साठ खुंट्या होत्या. एकतिसावी गेल्या वसंतापासून रिकामीच होती. बिल्ला हरवला म्हणून नागिसा तीसवरून थेट बत्तीसवर जायची, आणि नवा करून घ्यायचं दर महिन्याला राहून जायचं.

"सापडला असेल कुणाला तरी," नागिसा म्हणाली. "बरं झालं, नवा करायला नको."

"दिसायला कसे आहेत?"

"चेहरा कुठे बघते मी! टोपी होती. वयस्कर. आणि कोटाची बटणं तुटलेली असावीत, कारण एका हातानं कोट सारखा आवळून धरला होता. घरी बाईमाणूस नसेल, नाहीतर अशा कोटानं कोण बाहेर सोडेल?"

किनुयोचा चहा तसाच राहिला. थोड्या वेळानं मुख्य पुजारी अराकी कुलूप लावायला आले. सत्तरीचे, सावकाश बोलणारे. वही फळीवरच राहू दे, ज्याची आहे तो येईल, असं ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं.

सकाळी फळी रिकामी होती. बिल्लाही नव्हता.

"तुम्ही दिलीत का हो कुणाला?" किनुयोनं विचारलं.

"मी आत्ताच उघडतोय," अराकी म्हणाले. "तू फार दमलीयस, किनुयो. फुलं गळली की आठवडाभर येऊ नको."

३

दमली होतीच ती. आणि दमलेल्या माणसाचं डोकं नसत्या गोष्टी जुळवतं, हेही तिला कळत होतं. कोटाची बटणं कुणाचीही तुटतात.

पण तोकुजीची तिनं स्वतः कापली होती. तिचा नवरा सदतीस वर्षं गावातली बस चालवायचा. गेल्या वसंतात तो गेला तेव्हा त्याच्या अंगावर बसचा निळा कोट घालायचं ठरलं. दहनाच्या भट्टीत धातू चालत नाही, चष्माही काढून घेतात. म्हणून तिनं शिवणाच्या कात्रीनं पितळेची पाचही बटणं कापून काढली आणि मुलगी सायोनं पेटीत त्याची शिक्क्यांची वही ठेवली. पन्नास दिवसांचं सुतक पाळून किनुयो पुन्हा देवळात कामाला आली, कारण घरी बसून करायचं काय हा प्रश्न होता.

सातव्या दिवशी तीन वाजता वही आली. किनुयोनं आधी पान लिहिलं. मग सोळा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. ती वही मिटून पहिल्यापासून उघडली.

पहिलं पान याच देवळाचं, अराकींच्या अक्षरातलं, बारा वर्षांपूर्वीचं. तिसऱ्यावर बेटावरच्या देवळाचा शिक्का आणि कोपऱ्यात चहाचा डाग. तो डाग तिला पाठ होता. बोट हलली, तोकुजीचा धक्का लागला आणि कप कलंडला, त्याबद्दल ती त्याला परतीच्या वाटेवर बंदरापर्यंत बोलत होती. पुढे तिची सगळी देवळं ओळीनं होती. मग तोकुजीचं आजारपण लागलं तिथे पानं थांबली होती. त्यानंतर चार पानं, चारही याच देवळाची, तिच्याच अक्षरातली, या चार दिवसांच्या तारखांची.

आणि त्यापुढे एकच कोरं पान होतं.

"किनुयोताई?" नागिसानं हाक मारली. "बरं नाही का वाटत?"

"ही वही माझी आहे," किनुयो म्हणाली.

"तुमची? मग तुम्ही रोज रांगेत कशाला उभ्या राहता?" असं म्हणून नागिसा हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली. रांग खरंच लांब होती.

किनुयोनं वही सोबत न्यायचं ठरवलं होतं. साडेचारला ती फळीपाशी गेली तेव्हा फळीवर काही नव्हतं.

४

घरी आल्या आल्या, चपलाही न उतरवता ती आत जाणार होती. मग तिनं त्या उतरवल्या, नीट दाराकडे तोंड करून ठेवल्या, आणि तेवढाच वेळ मिळाल्याचं तिला बरं वाटलं. बाहेर अजून उजेड होता.

दोघांनी वह्या एकाच दिवशी घेतल्या होत्या, एकसारख्या, कारण तोकुजीला वेगळं काही निवडायचा कंटाळा. फरक आतला होता. वही उजवीकडून सुरू करतात. हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी डावीकडून उघडून मोकळा झाला, आणि मग बारा वर्षं त्याची वही उलटीच भरत गेली. प्रत्येक देवळातले लिहिणारे हसायचे. तो म्हणायचा, असू दे, परत येताना सोपं पडेल.

गेल्या वसंतात तो शेवटचा देवळात चढून आला तेव्हा नागिसाच्या हातात वही देऊन बिल्ला घेऊन गेला होता. फुलांखालच्या बाकावर बसला आणि तिथूनच त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. वही मागाहून किनुयोनंच घरी आणून खणात टाकली, आपल्या वहीशेजारी. बिल्ला त्याच्या बसच्या कोटाच्या खिशातच राहिला. त्या दिवसांत बिल्ल्याची आठवण कुणाला राहणार!

तिनं खण ओढला. एकच वही होती, निळी, लाटांची. वर्षभर तिनं तिला हात लावला नव्हता. मागच्या पुठ्ठ्यावर नाव बघायचीही गरज पडली नाही. उजवीकडून उघडली तर पानं कोरी, म्हणजे तोकुजीची.

तिनं सायोला फोन लावला.

"आई, आज तू आधी केलास? सूर्य कुठे उगवला?"

"सायो, बाबांच्या पेटीत वही ठेवलीस ती कुठून घेतली होतीस?"

"खणातून. का गं?"

"खणात दोन होत्या."

"दोन होत्या का? मी वरची घेतली. आई, मी रडत होते तेव्हा. उघडून नाही बघितली. का, चुकीची गेली का?"

"नाही," किनुयो म्हणाली. "सहज विचारलं."

"आवाज कसा येतोय तुझा? तुझ्या त्या देवळाला सांग, माझी आई मे महिन्यात मला हवीय. डॉक्टर म्हणाले वीस तारीख. तू नसलीस तर मी बाळाला बाहेरच येऊ देणार नाही."

"येते गं. स्वेटर एका बाहीचा राहिलाय."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खणाशी बसून राहिली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटायलाही अंगात त्राण लागतं असं तिला वाटलं. तोकुजीचं तिला वाईटही वाटत होतं. ज्या दारात त्यानं वही दाखवली असेल तिथे मागच्या पुठ्ठ्यावर बायकोचं नाव निघालं असेल. तो कधी कुणाशी भांडायचा नाही, गप परत वळला असेल. बस चालवायचा तेव्हा ती थांब्याकडे पळत येताना दिसली की खिडकीतून हात वर करायचा: सावकाश ये, मी थांबलोय. सगळी बस खोळंबायची. प्रवासी कुरकुरायचे, पण तो तिला सोडून कधी गेला नाही.

आता याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. तिच्या वहीत एकच पान उरलं होतं, ते भरलं की निघायची वेळ, आणि मे महिना यायला अजून तीन आठवडे होते.

५

आठव्या दिवशी फुलं गळायला लागली. पायऱ्यांवर, छपरांवर, माणसांच्या डोक्यांवर पाकळ्या पडत होत्या, आणि शेवटचे दिवस म्हणून गर्दीनं कहर केला होता.

किनुयोनं तोकुजीची वही कपड्यांच्या आत, पोटाशी बांधून आणली. गर्दीत पडायला नको आणि कुणाच्या वहीत मिसळायला नको. बेत साधा होता. आपली वही आली की ती मेजाच्या खणात टाकायची, तिच्या जागी ही त्याची ठेवायची. लिहायचं काहीच नाही.

"नागिसा, एकतीस नंबरची आली की उघडू नकोस. तशीच मिटलेली माझ्याकडे दे."

"बरं. काय भानगड आहे ते संध्याकाळी सांगा मात्र."

तीन वाजायला दहा मिनिटं असताना नागिसानं हात मागे करून वही दिली. वर बिल्ला. किनुयोनं वही डाव्या हाताला ठेवली, पोटाशी बांधलेली सोडून उजव्या हाताला ठेवली, आणि बिल्ला उचलून तिच्यावर ठेवणार तेवढ्यात खिडकीतून एक म्हातारी ओरडली.

"अहो लिहिणाऱ्या बाई, माझं पान कालपासून ओलं आहे का? पाऊण तास झाला."

"आजी, झालंच," नागिसा म्हणाली.

"झालंच म्हणतेस, पण माझी नव्वदी इथे उभ्यानंच होईल."

रांगेतले लोक हसले. वारा आला, मेजावरचे टिपकागद उडाले, पाकळ्यांचा एक लोट आत आला. किनुयो कागद धरायला वाकली, कोपर लागलं, शाईची दगडी वाटी सांभाळताना दोन्ही वह्या तिनं घाईनं बाजूला सारल्या. सगळं जागेवर आलं तेव्हा समोर दोन निळ्या वह्या होत्या आणि बिल्ला जमिनीवर होता.

उघडून बघायला एक क्षण पुरला असता. पण म्हातारी पुन्हा बोलायला लागली होती, आठ वह्या पुढ्यात साचल्या होत्या, आणि किनुयोकडे उघडण्याहून सोपा उपाय होता. गरम असेल ती आपली. तिनं वह्यांवर हात ठेवले. डावी कोमट लागली. उजवी चांगली गरम होती. गरम वही तिनं खणात टाकली, दुसरीवर बिल्ला ठेवून फळीवर सरकवली आणि म्हातारीचं पान लिहायला घेतलं.

सकाळपासून आपण त्याची वही पोटाशी शेकत आणली होती, हे तिला आठवलं तोपर्यंत सतरा पानं लिहून झाली होती. सतरावं पान लिहिताना मनगट दुखत नव्हतं.

ती थांबली. कुंचला अजून हातात होता. तारखेचा शेवटचा फराटा ओला होता, शिक्का तांबडा चकाकत होता, आणि पानाच्या उजवीकडे तिच्याच अक्षरातली चार पानं होती. डावीकडे पुठ्ठा होता.

"नागिसा, ही तू कुठून घेतलीस?"

"फळीवरून. मिटलेली पडली होती, बिल्ला होता पण आत आजची तारीख नव्हती. म्हटलं राहून गेलं असेल तुमच्याकडून." नागिसानं हात पुढे करून वही ओढली, टिपकागद दाबला, मिटली. "द्या इकडे, गृहस्थ उभे आहेत."

"नागिसा, देऊ नकोस."

पण वही खिडकीतून बाहेर गेली होती. किनुयोनं पाहिलं ती फक्त निळी बाही आणि वही घेणारा हात. वही घेण्यासाठी त्या हातानं कोट सोडला, तेव्हा कोटाच्या कडेला लोंबणारे दोरे दिसले. तिनं कापले होते तेवढेच, पाच ठिकाणी.

६

ती उठली तेव्हा गुडघे कुरकुरले नाहीत. कचेरीच्या मागच्या दारानं, पायमोज्यांनीच, ती अंगणात आली. माणसं, पाकळ्या, खांद्यावर बसवलेली मुलं. निळा कोट कमानीखालून पायऱ्यांकडे चालला होता. बगलेत वही होती.

"अहो," ती म्हणाली. तिनं ओरडून म्हटलं नव्हतं, तरी तो थांबला. पहिल्या पायरीवर, पाठमोरा. त्यानं मान वळवली नाही. नुसता हात वर केला, सावकाश ये, आणि तसाच उभा राहिला. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी उतरत होते आणि कुणाचाही त्याला धक्का लागत नव्हता.

नागिसा धापा टाकत मागून आली. "अहो ताई, चपला तरी घाला. आणि हा घ्या. ते गृहस्थ म्हणाले नाहीत काही, पण तुमच्या मेजाकडे बोट केलं आणि हा ठेवून गेले. तुम्हाला द्यायचा असावा." तिनं किनुयोच्या हातावर बिल्ला ठेवला आणि सवयीनं, विचार न करता पुढे म्हणाली, "जपा हं. बिल्ल्याशिवाय वही मिळायची नाही."

"नागिसा, सायोला फोन कर," किनुयो म्हणाली. "तिला सांग, स्वेटर एका बाहीचा राहिलाय."

"म्हणजे? तुम्हीच करा की रात्री."

किनुयोला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बिल्ला गरम होता. खाली पहिल्या पायरीवर हात अजून वरच होता. तिनं मनगट एकदा फिरवून पाहिलं, मग पुन्हा एकदा. कुठेच दुखत नव्हतं.